समवयस्क

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस प्रत्येक घरात एक न्यायालय बसते. माळ्यावरच्या, पलंगाखालच्या, कपाटामागच्या वस्तू एकेक करून पुढे आणल्या जातात, त्यांच्यावरची धूळ झटकली जाते आणि घरातली तरुण मंडळी निकाल देतात. निकाल बहुधा ठरलेलाच असतो : "हे टाका आणि नवीन घ्या." आरोपीच्या बाजूने बोलणारे कुणी असलेच तर ते साधारण त्याच्याच वयाचे असते, आणि म्हणून त्याची साक्ष कुणी फारशी मनावर घेत नाही.

आमच्या लहानपणी 'ठेवा' आणि 'टाका' यांखेरीज निकालाची एक तिसरी तऱ्हा होती. तांब्याच्या बंबाचे बूड गळू लागले की तो तांबट आळीत जाई आणि नवे बूड लावून घरी येई. पितळेची पातेली कल्हई करून घेत. पिंजारी दारात बसून गादीतला कापूस पिंजून देई आणि तो पुन्हा त्याच खोळीत भरला जाई. छत्रीची काडी, कंदिलाची काच, चपलेचा अंगठा, चष्म्याची दांडी. जे अंग झिजले असेल तेवढे बदलायचे आणि बाकीची वस्तू पुन्हा कामाला लावायची, हा रिवाज होता. त्यात कुणाला काही विशेष केल्यासारखे वाटत नसे.

जुन्या काळाचे गोडवे गावेत म्हणून मी हे सांगत नाही. बंबात लाकडे सारण्याचे काम माझ्याकडेच असल्यामुळे आमच्या घरी गीझर आला त्या दिवशी सर्वांत मोठा आनंद मलाच झाला होता. मला सांगायचे आहे ते माझ्या लॅपटॉपविषयी. बंबाचे बूड बदलावे तसा मी त्याचा प्रोसेसर बदलला, आणि त्या खटाटोपात मला एक गोष्ट उमगली, ती तुमच्या कानावर घालावी एवढाच या लिहिण्याचा हेतू.

हा लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड टी-४३०. २०१२ साली बाजारात आलेला. मी तो २०१३ मध्ये घेतला, तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. काळा, चौकोनी, जाडजूड, आणि दोन किलोंहून अधिक वजनाचा. त्याला सुंदर कुणी म्हणणार नाही. पण त्याची बटणे अशी की बोटांना आपण टंकलेखन करीत आहोत याचे समाधान वाटावे. वर्षे गेली तशा त्याच्या एकेक गरजा भागवीत आले. प्रथम त्याची मेमरी चार गिगाबाइटची सोळा केली. मग फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. पूर्वी तो सुरू होईपर्यंत मी चहा टाकून येत असे, आता चहाचे आधण ठेवायलाही सवड मिळेना. कुणाचा जुना लॅपटॉप मंदावला असेल तर त्याने या दोन गोष्टी आधी कराव्यात असे मी आवर्जून सांगेन. शंभरांतल्या नव्वद जणांचे दुखणे तेवढ्यावर बरे होते. प्रोसेसरला हात घालायचा तो अगदी शेवटी.

माझे दुखणे मात्र उरलेल्या दहांतले निघाले. त्याला कारण माझे अण्णामामा.

अण्णामामा वाईला असतात, कृष्णेच्या घाटापासून चार पावलांवर. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या घरी, म्हणजे माझ्या आजोळी, मोडी कागदांचे सात रुमाल आहेत. 'रुमाल' म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे, हे नव्या वाचकांसाठी सांगितलेले बरे. आजोबा गावचे कुलकर्णी होते. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, तेव्हा अण्णामामा तेरा वर्षांचे होते. पण तोपर्यंत वडिलांच्या शेजारी बसून ते मोडी वाचायला शिकले होते. आज आमच्या साऱ्या गोतावळ्यात ते रुमाल वाचू शकणारा तो एकच माणूस आहे. मी शिकू पाहते आहे. पण मोडी शिकणे निराळे आणि दीडशे वर्षांपूर्वी घाईघाईने बोरू चालवणाऱ्या एखाद्या कारकुनाचे मोडी वाचणे निराळे. आधी ओळीभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचे, ही त्या लिपीची चाल. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे ज्याला अर्थ आधीच कळला आहे त्यालाच कळते.

मामांची नजर आता अधू झाली आहे. कागद हातात धरून, भिंग लावूनही त्यांना अक्षर लागत नाही. पण त्यांच्या नातवाने एक युक्ती काढली. मी वाईला दोन महिने राहून साडेतीनशे कागद स्कॅनरवर उतरवून आणले होते. दर रविवारी सकाळी मी पुण्याहून व्हिडिओवर बोलावयाचे, माझ्या पडद्यावरचा कागद वाईच्या घरातल्या मोठ्या टीव्हीवर दिसायचा, मामांनी आरामखुर्चीत बसून तो वाचायचा, आणि मी इकडे देवनागरीत उतरवून घ्यायचे. टीव्हीवर एकेक अक्षर तळहाताएवढे दिसू लागले आणि मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं शालू, हा तर बाबांचा हात!"

अडचण आली ती माझ्या लॅपटॉपची. एक कागद बारकाईने स्कॅन केला की त्यात सुमारे साडेतीन कोटी ठिपके असतात. तो उघडला की शंभर मेगाबाइटहून अधिक जागा अडवतो. तो लहानमोठा करायचा, तो सबंध पडदा वाईला पोचवायचा, मामांचा चेहरा आणि आवाज इकडे आणायचा, बोलणे मुद्रित करायचे आणि त्यातच माझे टंकलेखन. एवढे सगळे एकदम आले की तो बिचारा गांगरून जाई. मामा म्हणत, "जरा मोठं कर," आणि चित्र जागच्या जागी थिजे. पंखा घोंघावू लागे. मामांचा आवाज तुटक तुटक होई. वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट. एरवी अर्धा मिनिट म्हणजे काय? पण समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस एका शब्दावर बोट ठेवल्यासारखी नजर रोखून थांबलेला असतो. चित्र हलेपर्यंत त्यांची ओळ सुटते, मग धागा सुटतो, मग ते थकतात आणि म्हणतात, "राहू दे, पुढच्या रविवारी बघू." पुढचे रविवार किती, हा हिशेब मी मनात करीत नसे असे नाही.

मुलाचा बंगळूरहून एकच धोशा : "आई, मी तुला नवीन घेऊन देतो. त्या डब्याचा आता काही उपयोग नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नव्या लॅपटॉपने माझी अडचण एका दिवसात मिटली असती. पण मला राहून राहून वाटे, याचा पडदा स्वच्छ आहे, बिजागऱ्या घट्ट आहेत, बटणांवरची अक्षरेसुद्धा अजून पुसली गेलेली नाहीत. एका अवयवापायी सगळे धड शरीर भंगारात घालायचे ते का? मी भाच्याला विचारले. तो या विषयातला जाणता. तो म्हणाला, "मावशी, तुझं नशीब चांगलं. तुझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर निघतो."

निघतो म्हणजे काय, हे त्याने मला समजावून दिले. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डला कायमचा सोल्डर केलेला नसे. सॉकेट नावाच्या खोबणीत तो बसवलेला असे. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या पोटाला ९८८ बारीक टाचण्या आहेत आणि सॉकेटला तितकीच छिद्रे. तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हटले, "मग यंदाचा, अगदी ताजा प्रोसेसरच घालू या की!" भाचा हसला. तसे होत नाही म्हणाला. या सॉकेटमध्ये इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. पहिल्या पिढीचे सॉकेट दिसायला जवळजवळ असेच, पण तिथला प्रोसेसर इथे चालत नाही. २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीची तर टाचण्यांची मांडणीच वेगळी. शिवाय नुसते बसून भागत नाही. लॅपटॉप सुरू होताना जो मूळ प्रोग्रॅम जागा होतो, बायोस म्हणतात तो, त्याला आलेल्या पाहुण्याची ओळख पटावी लागते. थोडक्यात, माझ्या २०१२ च्या लॅपटॉपला २०१२ च्या आसपास जन्मलेलाच प्रोसेसर चालणार.

मी विचारात पडले. 'सुधारणा' म्हटले की काहीतरी नवे आणायचे, असे आपण धरून चालतो. इथे तर जुन्याच्या जागी तितकेच जुने आणायचे होते! मग सुधारणा ती कसली?

भाच्याने दोघांच्या कुंडल्या माझ्यापुढे मांडल्या. माझ्याकडे होता तो आय-फाइव्ह ३३२० एम. त्याला दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन मेंदू म्हणा, वेग २.६ गिगाहर्ट्झ, निकड पडली तर ३.३ पर्यंत जाणारा. जवळचे टिपण ठेवायला तीन मेगाबाइटची कॅश. सुचवलेला स्थळ होता आय-सेव्हन ३६३२ क्यूएम. तोही २०१२ चाच. त्याला चार कोअर, कॅश दुप्पट म्हणजे सहा मेगाबाइट. पण वेग मात्र २.२ गिगाहर्ट्झ आणि जास्तीत जास्त ३.२. म्हणजे वेगाने नवा जुन्यापेक्षा काकणभर कमीच.

"अरे, हा तर हळू आहे," मी म्हटले.

"हळू नाही मावशी, हात जास्त आहेत."

हे मला लगेच पटले, कारण मी करंज्या केलेल्या आहेत. घरात दोघीच असल्या की एक लाटते आणि भरते, दुसरी कातते आणि तळते, आणि दोघींचीही तारांबळ उडते. चौघी असल्या की एक लाटते, एक भरते, एक कातणीने कडा कातते, एक कढईपाशी बसते. चौघींतली एकही त्या दोघींपेक्षा चपळ नसली तरी परात भराभर रिकामी होते. त्या प्रत्येक कोअरची आणखी एक खुबी आहे. एका कामात जरा थांबावे लागले की तेवढ्यात तो दुसऱ्या कामाला हात लावतो. दूध तापेपर्यंत आपण भाजी निवडतो तसा. म्हणून चार कोअरला आठ धागे धरता येतात. मात्र स्वयंपाकघरात काही कामे अशी असतात की ती एकटीनेच करायची. लाडवांचा पाक एकतारी झाला की नाही हे चौघींनी वाकून पाहिल्याने तो लवकर होत नाही. संगणकाचेही तसेच. जे काम वाटून घेता येत नाही त्यात हा नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा तसूभरही पुढे जाणार नाही, हे भाच्याने आधीच बजावले. माझे काम वाटून घेण्यासारखे होते : मामांचा आवाज, मामांचा चेहरा, कागदाचे चित्र, माझे टंकलेखन.

अनेक हातांनी काम उरकण्याची ही विद्या पुण्याला नवी नाही. इथल्याच सी-डॅक या संस्थेत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, तो ट्रान्सप्यूटर नावाचे लहान लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा एका बलदंडाची वाट पाहण्याऐवजी पुष्कळ बेताच्या शक्तीच्या गड्यांना एकत्र बांधण्याचा मार्ग इथल्या माणसांनी धरला. तीच युक्ती लहान रूपात माझ्या मांडीवर आली होती.

दुसरी गोष्ट भुकेची. त्याच सॉकेटात याहून दांडगे प्रोसेसरही बसतात. पण त्यांची उष्णता पंचेचाळीस वॅटची. माझ्या लॅपटॉपचा पंखा आणि तांब्याची नळी जुन्या प्रोसेसरच्या पस्तीस वॅटसाठी घडवलेली. हा चार कोअरचा गडी मात्र पस्तीस वॅटमध्येच भागवून घेतो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. तेव्हा दांडगा आणून तो तापून मंदावण्यापेक्षा झेपेल असा आणलेला बरा. सोयरीक जुळवताना मुलाचा पगार पाहतात आणि घरचा स्वयंपाक कोण करणार हे पाहत नाहीत, त्यातला प्रकार नको.

आम्ही तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानांची अशी दाटी आहे की एकदा आत शिरले की आकाश दिसते ते वायरींच्या जाळ्यातून. एका चिंचोळ्या दुकानातल्या तरुणाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "काकू, कुणासाठी पाहिजे?" "माझ्यासाठी," मी म्हटले. त्याने एका प्लॅस्टिकच्या डबीतून स्पंजावर टेकवलेला हिरवट चौकोनी तुकडा काढला. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढलेला. साडेतीन हजार रुपये आणि चालला नाही तर आठ दिवसांत परत, असा ठराव झाला. भाच्याने भिंगातून त्याच्या टाचण्या एकेक ओळ करून तपासल्या. एकही वाकलेली नव्हती.

मी तो चौकोन हातात घेऊन पाहत राहिले. मधोमध नखाएवढा काळसर चकचकीत आयत. इंटेलने १९७१ साली पहिला मायक्रोप्रोसेसर, ४००४, विकायला काढला तेव्हा त्यात २३०० ट्रान्झिस्टर होते. या पिढीच्या चार कोअरच्या प्रोसेसरमध्ये ते सुमारे एक अब्ज चाळीस कोटी आहेत, आणि ते सारे १६० चौरस मिलिमीटरच्या जागेत. आपल्या देशात जेवढी माणसे, जवळजवळ तेवढे. आणि एवढा हा संसार साडेतीन हजारांत, कारण तो आता जुना झाला! तो नवा असताना असा प्रोसेसर असलेला लॅपटॉप माझ्या पगारात बसणारा नव्हता. त्या वेळी मी दुकानात त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

शस्त्रक्रिया आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. भाचा सांगे, मी करी आणि हे बॅटरी धरून उभे. कंपनीने या लॅपटॉपची दुरुस्तीची पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे. कोणता स्क्रू कुठला, कोणत्या क्रमाने सैल करायचा, सारे चित्रांसह. ती मी दोनदा वाचून ठेवली होती, ग्रंथपालाची सवय. आधी बायोस अद्ययावत केला. मग वीज तोडली, बॅटरी काढली. स्क्रू हरवू नयेत म्हणून दिवाळीसाठी आणलेल्या कोऱ्या पणत्या मी ओळीने मांडल्या : पहिल्या पणतीत कीबोर्डचे, दुसरीत तळहात टेकतो त्या पट्टीचे, तिसरीत पंख्याचे. पंखा उचलला तेव्हा त्याच्या पात्यांतून राखाडी लोकर निघाली. बारा वर्षांच्या आमच्या घराची धूळ ती. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट सुकून चुन्यासारखी झाली होती. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधल्या बारीक फटी बुजाव्यात आणि उष्णता नीट वर जावी म्हणून ती पेस्ट लावतात. स्पिरिटने ती पुसून काढली.

सॉकेटच्या कडेला एक लहानसा स्क्रू असतो. तो अर्धा फेरा फिरवला की आतली पकड सुटते आणि प्रोसेसर नुसता ठेवल्यासारखा मोकळा होतो. जुना उचलला. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो; तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा. "दाबू नको मावशी, फक्त ठेव," भाचा म्हणाला. मी ठेवला, आणि ९८८ टाचण्या ९८८ छिद्रांत आपल्या वजनाने अलगद उतरल्या. स्क्रू उलटा अर्धा फेरा. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. मग पणत्या एकेक करून रिकाम्या झाल्या.

बटण दाबल्यावर पडदा काही क्षण काळाच राहिला. यांनी हळूच विचारले, "गेला का?" तेवढ्यात पडदा उजळला आणि बायोसने पाहुण्याचे नाव अचूक वाचून दाखवले.

पुढच्या रविवारी आम्ही पाचव्या रुमालातला एक कागद उघडला. शके १७९९, म्हणजे इसवी सन १८७७. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. कागद हिशेबाचा होता : कुणाला किती पायली जोंधळे दिले, कुणाकडून काय घेतले. मामा सावकाश वाचीत होते. एका ओळीवर ते थांबले. घरातल्या एका बाईच्या नावापुढे काहीतरी गहाण टाकल्याची नोंद होती. काय ते लागेना. शब्दावर शाई पसरली होती.

"मोठं कर."

मी केले. चित्र थिजले नाही.

"अजून मोठं कर. आता जरा डावीकडे घे. अजून."

शब्द टीव्हीभर झाला. मामांचा श्वास मला नीट ऐकू येत होता. आवाज तुटला नाही. मग ते म्हणाले, "पाटल्या. पाटल्या आहे ते. सोन्याच्या पाटल्या नग दोन." जरा वेळाने त्यांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. "माझी पणजी ही. आमच्या घरात बोललं जायचं की दुष्काळात कुणी उपाशी राहिलं नाही. ते कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

दीडशे वर्षे ती बाई त्या रुमालात बांधलेली होती. तिच्या पाटल्या वाचायला अठ्ठ्याऐंशी वर्षांचे डोळे लागले आणि त्या डोळ्यांना न थांबणारा पडदा लागला. गंमत अशी की संगणकाच्या राज्यात मोडी माझ्या लॅपटॉपहून धाकटी आहे. जगातल्या लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये तिचा प्रवेश झाला तो २०१४ साली.

माझ्या या लॅपटॉपला मी अमर केले अशी माझी मुळीच समजूत नाही. काम फार पडले की त्याचा पंखा पूर्वीहून जरा अधिक बोलतो. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत याच्या पिढीला स्थान नाही. चार कोअर झाले म्हणून जन्मसाल बदलत नाही. भाच्याने त्यात लिनक्स घालून दिले आहे आणि माझे सारे त्यावर चालते. अशी दुरुस्ती पुढच्यांना करता येईल असेही नाही. चौथ्या पिढीनंतर इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर सोल्डर केलेलेच येऊ लागले. लॅपटॉप पातळ आणि हलके झाले ते काही अंशी त्यामुळेच. सॉकेटची जाडी वाचली. माझ्या पाठीला हलका लॅपटॉप नको आहे असे मी म्हणणार नाही. पण हलकेपणाच्या बदल्यात एक दार बंद झाले, एवढे ध्यानात असावे.

मला उमगलेली गोष्ट ती ही. जुन्याला सुधारायचे म्हणजे त्याच्यात नवे कोंबायचे, असे आम्हांला वाटते. सासऱ्यांना नवा फोन द्यायचा, आईला नव्या गावी न्यायचे, आणि ते बावरले की म्हणायचे, यांना काही जमत नाही. जुन्याला नवे मानवतेच असे नाही. त्याची खोबण निराळी असते. पण त्याच्याच काळात जे उत्तम होते, आणि जे त्या वेळी परवडले नाही, सवड झाली नाही, कुणी दिले नाही म्हणून राहून गेले, ते त्याला अजूनही अचूक बसते. मामांना नवे काय दिले आम्ही? त्यांनी तेराव्या वर्षी जे शिकून ठेवले होते आणि पुढे पंचाहत्तर वर्षे ज्याला गिऱ्हाईक नव्हते, तेच त्यांना पुन्हा करायला मिळाले. रविवारी ते सात वाजताच आंघोळ उरकून तयार बसतात असे मामी सांगते.

सातांपैकी पाच रुमाल झाले आहेत. सहावा अर्धा आला आहे.

राहता राहिला तो काढलेला आय-फाइव्ह. तो मी कापसात गुंडाळून एका डबीत ठेवला होता. भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाकडे असाच लॅपटॉप आहे, पण त्यात आय-थ्री, म्हणजे आणखी खालच्या पायरीचा. सॉकेट तेच. माझा उतरलेला त्याला चढता होता. परवा तो मुलगा येऊन डबी घेऊन गेला. मी त्याला चार कोऱ्या पणत्याही बरोबर दिल्या आणि स्क्रू कशात ठेवायचे ते सांगितले.